सी क्लासच्या काकू

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे न फुटलेल्या बशा वेचणं. बशी म्हणजे चहाची नव्हे. वाघोलीच्या पुढे आमच्या बांधापलीकडे माळ आहे, त्या माळावर बंदुकीची रेंज आहे. यंत्रातून बशीएवढी भगवी चकती उडते आणि ती हवेतच फोडायची, असा तो खेळ. इंग्रजीत त्या चकतीला क्ले म्हणतात. आमची ही पहिल्या दिवसापासून बशी म्हणाली, मग हळूहळू सगळी रेंज बशी म्हणायला लागली. ज्या बशा कोणालाच लागत नाहीत त्या लांब गवतात जाऊन पडतात. पुष्कळ तुटतात, काही धड राहतात. धड असतील त्या वेचून सरावाला परत वापरतात.

वेचायचं काम कोणी सांगितलेलं नव्हतं. हिला आवडायचं. संध्याकाळी बंदुका थांबल्या की ती पाटी घेऊन निघायची आणि मी मागून. प्रत्येक बशी उचलून कानाजवळ धरायची आणि नखाने टिचकी मारायची, बाजारात मडकं घेताना मारतात तशी. "ही वाजती," म्हणायची आणि पाटीत ठेवायची. "ही न्हाई. हिला तडा हाय." मला दोन्ही आवाज सारखेच वाटायचे. त्या संध्याकाळी ती अर्ध्यातच बांधावर टेकली. म्हणाली, "अवं, ढाल परत द्यायच्या आत अण्णांना एकदा इचारा. मी इचारलं तर गोड बोलतील." मी म्हटलं, विचारीन की, काय घाई आहे. दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. हृदयाची झडप खराब होती. डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, आम्हाला माहीत होतं, तरी माणूस रोज सकाळी उठतंय म्हणजे उठणारच असं वाटतं.

कोण अण्णा आणि कसली ढाल, ते सांगतो. पण आधी ही तिथे पोचली कशी ते सांगावं लागेल.

ती गेली होती भांडायला. रेंज नवीन होती तेव्हा छर्रे आमच्या मेथीत पडायचे. मी दोनदा जाऊन आवाज चढवून आलो, काही झालं नाही. तिसऱ्यांदा ही गेली. रेंज चालवणारे मेजर म्हणजे लष्करातून निवृत्त झालेला, अदबीने बोलणारा माणूस. त्यांनी हिला खुर्ची दिली, चहा दिला, बंदुकांचं तोंड दुसरीकडे फिरवायचं कबूल केलं, आणि निघताना सहज म्हणाले, "काकू, एक मारून बघता का?" घरी आली ती खांदा चोळतच. एकही लागली नव्हती. मी विचारलं, मेथीचं काय झालं? म्हणाली, "मेथीचं झालं. आता माझं ऱ्हायलं." पुढच्या रविवारी परत गेली. तेव्हा तिची पन्नाशी उलटली होती.

नेम धरला की लोक तिथे 'पुल' असं ओरडतात, म्हणजे यंत्र बशी सोडतं. ही 'सोड' म्हणायची. गोठ्यात वासराला सोड म्हणतात त्याच आवाजात. इंग्रजी बोलणारी पोरं सुरुवातीला हसली. मेजर म्हणाले, यंत्राला आवाज लागतो, भाषा लागत नाही. मग हसणं थांबलं. हिच्या मात्र लक्षातच आलं नव्हतं की कोणी हसतंय.

बशीचा दिसेल असा तुकडा उडाला तर ती फुटली असं धरतात. नुसती धूळ उडाली तर नाही. एका स्पर्धेत पंचाने हिची एक बशी फुटली म्हणून हात वर केला. हिने बंदूक मधून उघडून खाली धरली आणि म्हणाली, "न्हाई ओ साहेब. धूळ उडाली." पंच म्हणाला, काकू, मी दिली आहे, घ्या की. "तुमी दिली, पण ती फुटली कुठं?" ते वाक्य पुढे घरातही चालू झालं. मी एखादं काम अर्धवट करून झालं म्हटलं की म्हणायची, नुसती धूळ उडाली. मला राग यायचा. आता कोणी म्हणत नाही.

तर त्या खेळात सगळ्यांना एकत्र पळवत नाहीत. ए, बी आणि सी असे तीन क्लास. ज्याचा हात चांगला तो ए, मधला बी, आणि आमच्या हिच्यासारखे सी. प्रत्येक क्लासात पहिला येईल त्याला बक्षीस. हे मला आधी पटायचं नाही. कच्च्या माणसाला कसलं बक्षीस? एका ए क्लासवाल्याने तर हिच्या तोंडावर म्हटलं, "काकू, सी क्लासची ढाल म्हणजे वर्गातल्या ढ मुलाला चॉकलेट." ही रागावली नाही. म्हणाली, "तुमी जत्रंतली कुस्ती बघितली न्हाई वाटतं. पैलवानापुढं पोरगं उभं करत्यात का? जोड बघून लावत्यात. जोड बरोबरीची असली की पाच रुपयांची कुस्ती बी माणसं उभं ऱ्हाऊन बघत्यात."  मी घरी येईपर्यंत विचार केला आणि मलाही पटलं.

पण जोड बरोबरीची म्हणजे खरोखर बरोबरीची, यावर ती अडून बसायची. पहिल्या वर्षी क्लबाने कौतुकाने महिलांसाठी वेगळं बक्षीस ठेवलं. महिला म्हणजे ही एकटी. स्पर्धा संपली, टाळ्या झाल्या, हिच्या हातात चकचकीत कप दिला.  दुसऱ्या दिवशी बघतो तर त्या कपाने कोंबड्यांना दाणे घालतेय. मी म्हटलं, अगं, बक्षीस आहे ते. म्हणाली, "मी एकटीच पळाले आणि पहिली आले. कोंबड्यांना कळंल तेवढं कौतुक बास." पुढच्या वर्षापासून महिला क्लास बंद. तिनेच मेजरना सांगितलं, मला सी मध्येच राहू द्या, गड्यांबरोबर.

दुसरं तिला खपायचं नाही ते दबून खेळणं. महिन्याच्या लहान स्पर्धांत मुद्दाम चुकवायचं, म्हणजे सरासरी खाली राहते आणि माणूस सी क्लासातच राहतो. मग दिवाळीनंतरच्या, वर्षाच्या मोठ्या स्पर्धेत खरा हात दाखवून ढाल घेऊन जायचं. एक बिल्डर होता, दोन वर्षं त्याने हेच केलं. सगळ्यांना दिसत होतं, बोलत कोणी नव्हतं, कारण बशा मागवायला तोच मदत करायचा. हिने भर चहाच्या टेबलावर विचारलं, "साहेब, तुमची बंदूक दिवाळी बघून चालती काय?" तो म्हणाला, काकू, लक फॅक्टर असतो. "असंल. पण तो बाराही महिने रजेवर आणि एकच दिवस कामावर, असलं लक मी बघितलं न्हाई."

तेवढ्यावर ती थांबली नाही. मेजरच्या डोक्यावर बसून तिने नियम बदलून घेतला. सरासरी धरायची नाही, वर्षभरातला सगळ्यात चांगला स्कोअर धरायचा. एकदा हात दाखवलास की वर जायचं. मुद्दाम कितीही चुकव, एखाद्या दिवशी तरी माणसाला मोह होतोच आणि तो सापडतो. बिल्डर त्या वर्षी बी मध्ये गेला आणि पुढे गोल्फ खेळायला लागला, असं ऐकलं.

आता अण्णा. शनिवार पेठेतले. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, मुलगा परदेशी, आणि या वयात हा नाद. रविवारी स्कूटरवरून एवढ्या लांब यायचे, डबा स्वतःचा, पाणी स्वतःचं. हिला पहिल्यांदा बघून म्हणाले होते, "काकू, आपण उभ्या राहता तसं मंडईत गाळ्यावर उभं राहतात." ही म्हणाली, "मग तुमी भाजी घ्यायला आलाय का?" तिथून जी सुरुवात झाली ती शेवटपर्यंत. दोघंही सी क्लास. एका रविवारी हे वर, एका रविवारी ही वर. दोघंही एकमेकांचा स्कोअर आधी बघायचे आणि मग स्वतःचा. हीच माझी खरी जोड, असं ती म्हणायची. अण्णा काय म्हणायचे माहीत नाही. ते चांगलं काही बोलत नसत.

मागच्या वर्षी झडपेचं कळलं. क्लबात मेजरना सांगितलं, बाकी कोणाला सांगायचं नाही असं हिने बजावलं. डॉक्टर म्हणाले, बंदूक बंद. ही म्हणाली, मोठी स्पर्धा झाली की बंद. मी फार वाद घातला नाही. उलट एकदा म्हटलं, यंदा तुझा हात बरा चाललाय. लहान स्पर्धेत जपून मार, उगीच बी मध्ये जाशील आणि ढाल हातची जाईल. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी उठून म्हशीला पाणी दाखवायला गेलो. त्या स्पर्धेत ती मन लावून खेळली आणि बी च्या अगदी उंबऱ्यावर येऊन राहिली. एक बशी जास्त फुटली असती तर सी ची ढाल विसरायची होती.

मोठी स्पर्धा दिवाळीनंतर झाली. सी मध्ये ही आणि अण्णा बरोबरीत सुटले. बरोबरी झाली की एकेक बशी मारतात, ज्याची चुकेल तो हरला. मध्ये थोडा वेळ होता तेव्हा ही खुर्चीवर बसली, छातीवर हात ठेवला, मी पाणी दिलं. अण्णा समोरच उभे होते, सगळं बघत होते. मग ही उठली, सोड म्हणाली, फुटली. अण्णांची पाळी आली. बशी सरळ समोर गेली, अगदी सोपी. असली बशी अण्णा झोपेत फोडतात. ती चुकली.

टाळ्या झाल्या. फिरती ढाल हिच्या हातात आली. फिरती म्हणजे वर्षभर आपल्याकडे ठेवायची, तिच्यावर एकेका वर्षाची पितळी पट्टी असते, त्या पट्टीवर जिंकणाऱ्याने स्वतः नाव कोरून घ्यायचं आणि पुढच्या स्पर्धेला परत करायची. अशी ती रीत. आठ वर्षं ती त्या ढालीकडे बघत होती. आणि घरी येताना मागून म्हणाली, "अवं, अण्णांनी मुद्दाम सोडली का ओ? मी बसले ते बघून?"

मी म्हटलं, छे. पण मलाही तेच वाटलं होतं.

तिने ढाल जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवली. भिंतीवर लावली नाही आणि नावही कोरलं नाही. "कळंपर्यंत नको," म्हणाली. "दयेची असली तर त्या कपाच्या शेजारी ठिवा, कोंबड्यांपाशी." बंदूक मात्र बंद केली नाही. ढाल घेतली की वर जायचं हेही त्या नव्या नियमात होतं, म्हणून ती आता बी क्लासची. दोन महिने खेळली, दोन्ही वेळा बी मध्ये शेवटची आली आणि दोन्ही वेळा खुशीत घरी आली. "बी मधली शेवटची," असं येईल त्याला सांगायची.

चैत्रात ती गेली. रेंजवरचे सगळे आले, तो ए क्लासवाला आला, बिल्डरसुद्धा आला. अण्णा आले नाहीत. दहाव्याला नाहीत, तेराव्याला नाहीत. एकदा नगर रोडला सिग्नलपाशी मला बघितलं आणि स्कूटर दुसऱ्या बाजूला घेतली. तेव्हा माझी खात्रीच पटली. दया केली होती आणि आता तोंड दाखवायला जड जातंय. विचारायचं काही राहिलं नव्हतं, म्हणून विचारलं नाही. संध्याकाळी मी एकटा माळावर जाऊन बशा वेचायचो. टिचकी मारायचो, कळायचं काहीच नाही. सगळ्याच पाटीत टाकायचो.

परवा मेजरांचा निरोप आला. स्पर्धा जवळ आली, ढाल आणून द्या, आणि काकूंचं नाव तेवढं कोरून घ्या, पट्टी रिकामी बरी दिसत नाही. मी पेटी उघडली. लुगडं सोडलं. नाव घालावं तर तिने नको म्हटलेलं, न घालावं तर ती तिथे कधी नव्हतीच असं होणार. शेवटी तिने सांगितलं होतं तेच करावं म्हणून शनिवारी बांध ओलांडून रेंजवर गेलो. अण्णा सरावाला आले होते. मला बघून त्यांनी बंदूक पेटीत घालायला घेतली.

"अण्णा, पळू नका. एकच विचारायचंय."

"विचारा. पळायचं वय नाही माझं."

"मागच्या वर्षीची ती शेवटची बशी. तुमी मुद्दाम सोडली का?"

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आबा, मी तुम्हाला इतका भला माणूस वाटलो? कधीपासून?"

मी म्हटलं, ही छातीला हात लावून बसली होती ते तुम्ही बघितलं होतं.

"बघितलं ना. मला वाटलं, माझी लय मोडायला बसल्या आहेत. पाणी काय, पदर काय. मनात म्हटलं, चाललं नाटक. त्या आजारी आहेत हे मला कोणी सांगितलं होतं?"  मग खालच्या आवाजात म्हणाले, "ती ढाल मला हवी होती हो. त्या क्षणी मला फक्त ढाल दिसत होती, बशी दिसलीच नाही. आणि हरल्यावर मी काय केलं ते मेजरांना विचारा. नाहीतर मीच सांगतो. सगळे घरी गेल्यावर मी तक्रार केली. काकूंनी सरावात एकदा पंचवीसांत एकवीस फोडल्या होत्या, मी बघितल्या होत्या. म्हटलं, सगळ्यात चांगला स्कोअर धरायचा हा नियम त्यांचाच, तर मग त्या बी मध्ये जातात आणि सी ची ढाल माझी."

"मेजर काय म्हणाले?"

"म्हणाले, स्पर्धेतला स्कोअर धरतात, सरावातला नाही. घरी जा. गेलो." अण्णांनी पेटीची कडी लावली, काढली, परत लावली. "मग चैत्रात कळलं की त्या गेल्या, आणि तेव्हा आजारी होत्या. एका आजारी बाईच्या हातातली ढाल काढून घ्यायला मी धडपडलो. कुठल्या तोंडाने तुमच्या दारात येणार होतो?"

मला हसू आलं. आधी थोडं, मग आवरेना. चैत्रानंतर मी असा हसलो नव्हतो. मेजर खोलीतून बाहेर येऊन बघायला लागले.

"यात हसण्यासारखं काय आहे?" अण्णा म्हणाले.

"तुमी खरंच हरलात."

"हरलो. लिहून हवं आहे का?"

"नको. बास."

मी बाकावर बसलो. अंगावरून कोणीतरी ओझं काढून घेतल्यावर पाय कसे हलके पडतात, तसं झालं होतं.  अण्णाही शेजारी बसले, मध्ये हातभर अंतर ठेवून. मग म्हणाले, "नाव कुठे कोरून घेणार? मशीनवाल्याकडे जाऊ नका, अक्षर घाणेरडं येतं. तांबट आळीच्या तोंडाशी एकजण हाताने कोरतो. सकाळी लवकर जा, नंतर तो उगीच चहाला जातो." उठले, पेटी घेतली, आणि स्कूटरला किक मारायच्या आधी म्हणाले, "त्यांच्यानंतर सी मध्ये मजा राहिली नाही. सगळी नवी पोरं. जोड लागत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या कपाने कोंबड्यांना दाणे घातले, ढाल पिशवीत घातली आणि बसने शहरात गेलो. कोरणारा म्हातारा भांडी पसरून बसला होता. ढाल हातात घेऊन त्याने उलटी केली, सुलटी केली.

"ही का ती? मागच्या वर्षी पेठेतले एक गृहस्थ आले होते. स्पर्धेच्या आधीच नाव लिहून देऊन गेले. ढाल काही आली नाही."

"येणार नव्हतीच," मी म्हटलं.

त्याने छिन्नी घासली. नाव विचारलं. मी आयुष्यभर तिला अगं म्हणत आलो, चारचौघांत तिचं नाव घ्यायची मला सवय नाही, पण सांगितलं. विमल. मग आमचं आडनाव.

"स्मरणार्थ घालायचं ना?" तो म्हणाला. "आधी कै. लिहितो, मग नाव."

"स्मरणार्थ नाही. जिंकली म्हणून. आणि कै. नको, सौ. घाला. जिंकली तेव्हा सौ. होती."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि छिन्नी पट्टीवर टेकवली. मी चौथी पास आहे, पण एकेक अक्षर उमटेपर्यंत त्याच्या खांद्यावरून वाचत उभा राहिलो. झाल्यावर मी पट्टीवर नखाने टिचकी मारली. चांगली वाजली.